तिजोरीबाईंची किल्ली

रक्तापासून गाठीपर्यंत जे येईल ते तपासणाऱ्या त्या लॅबच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे तिजोरीबाई म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाचा रिपोर्ट बाहेर पडला नव्हता. सख्ख्या नणंदेने खोदून खोदून विचारलं तरी बाई आपल्या पाकिटाला डिंक लावत बसत. पोटात काही राहत नाही अशा माणसांनी भरलेल्या जगात हा गुण दुर्मीळच, आणि बाईंना त्याचा थोडा तोराही होता.

रिपोर्ट वेबसाइटवर टाकायचं ठरलं तेव्हा पासवर्ड हवाच, हा हट्ट त्यांचाच. डॉक्टरांनी बाहेरच्या कुणाकडून तरी पान बनवून घेतलं. चुकीचे पासवर्ड टाकून टाकून बाईंनी अर्धा दिवस त्याची परीक्षा घेतली. पान बधलं नाही. मग खरा पासवर्ड त्या प्रत्येक पेशंटला फोनवर, तोंडापुढे हात धरून, हळू आवाजात सांगू लागल्या. तीनशे पेशंट, पासवर्ड एकच. हळू सांगितलं की गुपित राहतं, असा त्यांचा आपला समज.

गेले तीन आठवडे वेबसाइटवरच्या रिपोर्टांच्या यादीत त्यांचा स्वतःचाही रिपोर्ट होता. छातीतल्या गाठीचा. वाईट होता. लेकीची परीक्षा संपेपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि एका सकाळी एका पेशंटने खिडकीशी येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "माझा रिपोर्ट माझ्या शेजारणीला कसा कळला?"

डॉक्टरांनी बाईंना आत बोलावलं. "तुम्ही कुठे बोलला नाहीत ना?"

गाठीच्या रिपोर्टपेक्षाही हा प्रश्न बाईंना जास्त लागला, हे सांगायलाच हवं.

वेबसाइटची कामं करणारं त्यांच्या माहितीत एकच माणूस: धाकटी जाऊ. ती आली की यादी तिच्यासमोर उघडणार. आपली नोंद आधी काढून टाकावी, असं मनात आलं. पण यादीतली नोंद कुणाच्याही सांगण्यावरून काढायची नाही, हा नियम बाईंनीच घातलेला. त्यांनी जावेला फोन लावला.

"ताई, पासवर्ड सांगू नका हं मला," लॅबमध्ये आल्या आल्या खुर्ची ओढत जाऊ म्हणाली. माउसचं उजवं बटण दाबून तिने पानामागचा कोड उघडला. पासवर्ड तिथे ढळढळीत लिहिलेला.

"अगं बाई! हा इथे कुणी लिहिला?"

"पान बनवणाऱ्याने. पासवर्ड बरोबर की चूक हे पानच ठरवतंय, आणि पान तर बघणाऱ्याच्याच हातात. यादीचा वेबसाइटवरचा पत्ता माहीत असला तर एवढंही नको. तुम्ही पुढच्या दारावर पहारा देताय ताई, मागे भिंतच नाही."

यादी उघडली. जाऊ खाली खाली जात राहिली. बाई पाकिटांचा गठ्ठा सारखा करत राहिल्या.

काम दोन दिवस चाललं. पासवर्ड तपासायचं काम सर्व्हरवर गेलं. नुसत्या पत्त्यावरून रिपोर्ट उघडेना. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, पहिल्यांदा उघडल्यावर ज्याचा त्याने बदलायचा. पाचदा चुकला की काही वेळ दार बंद.

"आणि बदललेला पासवर्ड मलाही वाचता येणार नाही," जाऊ म्हणाली. "त्याचा भुगा करून ठेवलाय. भुग्यावरून मूळ काही जुळत नाही."

"आणि कुणी विसरला तर?"

"नवा द्यायचा."

बाईंना हे मनापासून आवडलं. पासवर्डच्या चिठ्ठ्या त्यांनी पाकिटांत घातल्या, वर नाव नाही, फक्त नंबर. मोजून बघितल्या तर एक कमी.

जावेने पर्समधून बंद पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. नंबर बाईंचाच होता.

"हे गठ्ठ्यात नाही ठेवलं," ती म्हणाली. "घरी कुणाला बोलले नाही मी. दवाखान्याची तारीख कधीची आहे?"

बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. डिंक कडेपर्यंत नीट लागला होता.

"मंगळवारची," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. येशील?"

सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिलाच रिपोर्ट.