पाण्यावर डुललेली अंडी
तळवड्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी त्या सकाळी माझं मनगट धरलं नसतं, तर सासरची काळ्या कोंबड्यांची जुनी जात माझ्याच हातून संपली असती. खुराड्यातल्या उबलेल्या कोंड्याचा वास आला की ते आठवतं. चौथीतून शाळा सोडलेली मी, माहेर पार मराठवाड्यात, कोंबड्या उबवण्यातलं मला काही कळत नव्हतं. घरचा एकुलता काळा कोंबडा मुंगसानं मारलेला. त्याच्या वंशाची शेवटची अकरा अंडी खुडूक कोंबडीखाली उबत होती. एकदा तिला चरायला सोडलं आणि तिला परत आत जाता यावं म्हणून खुराड्याचं दार उघडायला मी विसरले. दुपारपर्यंत अंडी गार पडली. पुढं उबवणीचा एकविसावा दिवस उलटला तरी एकही फुटेना. सासूबाई चाकणच्या बाजारातून यायच्या आत अंडी उकिरड्यात पुरायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "अगं बाय, जित्ती पुरतीस व्हय?" त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेऊन अंडी अलगद सोडली. "आता हालू नगंस. पाणी निजू दे." पाणी निजलं, आणि एक अंडं आपलं आपणच डुललं. मग दुसरं. आतल्या जिवाला बाहेरचं कळत असेल का, या विचारात मी बघतच राहिले. सात डुलली, ती परत कोंबडीखाली गेली. सासूबाईंनी उशिराचं कारण विचारलं, तेव्हा मला सावरून घेत काकूच बोलल्या, "थंडी काय कमी हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी सातही पिल्लं निघाली. आता आम्ही चिंचवडला असतो. यंदा कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या साथीत काकूंचं खुराडं रिकामं झालं, असं कळलंय. आमची त्याच काळ्या जातीची नवी पिल्लं जाणती झाली की त्यातला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या मी स्वतः त्यांच्या दारात नेऊन सोडणार आहे.