हे कुठल्या गाईला?

मन्मथ वाटेत गळका नळ दिसला की थांबायचा आणि पिळून बंद करायचा. पाण्याचा पाइप बैलाच्या कासऱ्यासारखा वेटोळं करून खुंटीला टांगायचा. हिरवळीवर पाय ठेवण्याआधी चपला काढायचा. दुपारच्या भाकरीचा शेवटचा तुकडा कुंपणाबाहेरच्या भटक्या गाईला द्यायचा, तोही कुणी बघत नाही असं पाहून.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातला मन्मथ शहरातल्या एका नव्या कचेरीत रोजंदारीवर माळी होता. त्या साली पावसानं पाठ फिरवली. गल्लीतल्या नळांपुढं घागरींच्या रांगा, आणि कचेरीच्या हिरवळीला दिवसाला दोन टँकर. सोमवारी उद्घाटन होतं ना! माणसाला घोटभर नाही आणि गवताला आंघोळ. कुणाला त्याची लाज म्हणून वाटत नव्हती.

शुक्रवारी त्याची आई शरणम्मा पहिल्यांदाच लातूरला आली. मन्मथनं तिला हौसेनं गाव दाखवलं. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, गंजगोलाईचा बाजार झाला.

"लई मोठं गाव हाय रे," ती म्हणायची, आणि लगेच विचारायची, "कडबा कुठं भेटंल?"

कडबा कुठंच नव्हता. घरी पांढरी गाय गाभण होती आणि छपराचं जुनं पाचट ओढून खात होती. शरणम्मा शहर बघायला आलीच नव्हती. ती चारा शोधायला आली होती.

शेवटी मन्मथनं तिला कचेरीत नेलं. "अव्वा, ही मी लावली," तो म्हणाला.

शरणम्मानं वाकून हिरवळीवर हात फिरवला. गाईच्या पाठीवर फिरवावा तसा.

"हे कुठल्या गाईला?"

"कुठल्याच न्हाई. बघायला हाय."

"नुसतं बघायला? आन् वाढलं की?"

"कापतो."

"कापून काय करतोस?"

मन्मथची नजर कचेरीमागं गेली. तिथं खड्डा होता. कापलेलं गवत त्यात टाकून वर माती लोटायची, नाहीतर वासावर गुरं येतात, असा हुकूम होता. वर्षभर त्यानं तो पाळला होता. शरणम्मा त्याच्या नजरेमागं चालत गेली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. खाली हिरवं कुजत होतं.

"मन्मथा, पांढरी छपार खाऊन राहिली, आन् तू चारा पुरून राहिलास?"

तिनं त्याच्या पेटीतला विळा उचलला, पदर खोचला आणि हिरवळीवर बसून कापायला लागली.

मुकादम माणिकप्पा धावत आला. "ओ म्हातारे! सरकारी गवत हाय ते!"

"सरकारला दात हायेत का?" तिनं मान वर केली नाही.

"मन्मथ, आईला आवर. न्हाईतर हजेरीतलं नाव गेलं समज."

मन्मथ पुढं झाला. आईच्या हातातून त्यानं विळा घेतला. माणिकप्पानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"सरक, अव्वा. तुझी कंबर दुखती," मन्मथ म्हणाला. "मी कापतो, तू भारे बांध."

आणि तो बसला. त्या दिवशी पहिल्यांदा हिरवळीवर त्याच्या पायात चपला होत्या.

माणिकप्पानं शिव्या घातल्या, चौकीदाराला हाक मारली. चौकीदार जागचा हलला नाही. त्याच्याही घरी म्हैस होती. विळा झेंड्याच्या खांबापर्यंत पोचला तेव्हा शिरूरच्या गाडीची वेळ झाली. मायलेकांनी एकेक भारा डोक्यावर घेतला.

"फाटकात पुन्हा पाय टाकू नको!" माणिकप्पा ओरडला.

"खांबापल्याडचं ऱ्हायलंय," मन्मथ म्हणाला. "तेवढं पुरू नका. येऊन नेतो."

शनिवारी तो रिकामी दोरी घेऊन आला. फाटकावर दोन पोलीस बसवले होते. एका माळ्यासाठी दोन पोलीस! सोमवारी भादरलेल्या अर्ध्या भागावर सतरंज्या अंथरल्या, हार घातले गेले, भाषणं झाली. दुष्काळाबद्दलही बोलले.

खांबापल्याडचं गवत कापायचं राहिलं.