पहाटेवरचे अतिक्रमण

कार्तिकातल्या पहाटे साडेचारला आमच्या स्वयंपाकघरात गवती चहाचा वास दरवळत असतो, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी प्रथम कळले. त्याआधीची एकतीस वर्षे मी औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत दुपारच्या सत्रात मराठी शिकवत होतो, आणि दुपारच्या शिक्षकाला पहाट केवळ कवितेतून ठाऊक असते. अरुणोदयाची वर्णने मी अशा तन्मयतेने शिकवीत असे की, सर रोज स्वतः जाऊन सूर्याला हाताला धरून वर आणतात असे मुलांना वाटावे. प्रत्यक्षात सूर्याची आणि माझी भेट साडेसातच्या सुमारास होई. तो खिडकीतून डोळ्यांवर आला की मी कूस बदलून त्याच्याकडे पाठ करीत असे.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत माझे दिवस सैल पडले. वर्तमानपत्र दोनदा वाचून होईपर्यंत जेवणाची वेळ होई, भरल्या पोटी झोप येई, आणि झोपेतून उठावे तो उन्हे कलून अंगणातल्या लिंबाची सावली भिंतीवर चढलेली असे. एकदा तर गुरुवार हा बुधवार समजून मी दिवसभर वावरलो, आणि त्यामुळे जगात कुणाचेही काही बिघडले नाही याचे मला मनापासून वाईट वाटले. अशा मनःस्थितीत हर्सूल तलावाकाठी जोशी सर भेटले. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. चारला उठतात, चेहऱ्यावर तुकतुकी आहे, आणि आपण चारला उठतो हे पहिल्या दोन वाक्यांत सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यांचे म्हणणे असे की, आयुष्य सुधारायचे तर आधी सकाळ सुधारावी. बाकीचा दिवस आपोआप तिच्या मागून येतो. मला ते पटले. रिकाम्या माणसाला कुठलीही गोष्ट चटकन पटते.

माझी पत्नी सुमन लग्न झाल्यापासून, म्हणजे चौतीस वर्षे, साडेचारला उठत आली आहे. ती का उठते असा प्रश्न मला कधी पडला नाही. बायका लवकर उठतात, एवढेच माझे त्या विषयातले ज्ञान. आता इथे कबूलच करून टाकतो, म्हणजे पुढचे हसताना वाचकाला विसर पडायला नको: जी पहाट सुधारायला मी कंबर कसून निघालो, ती रिकामी पडलेली जागा नव्हती. तिथे आधीपासून एक माणूस राहत होते, आणि त्या माणसापाशी सबंध दिवसात तेवढेच काय ते स्वतःचे होते.

पहिल्या आठवड्यात मी उषःपान केले. त्यासाठी तांब्याचा तांब्या हवा होता, तो माळ्यावर होता, आणि माळ्यावरचे काय कुठे आहे हे फक्त सुमनला माहीत. मग सूर्यनमस्कार आरंभिले. सातव्या नमस्काराला गुडघ्याने असहकार पुकारला आणि मलमाची डबी शोधण्यासाठी पुन्हा तिलाच हाक गेली. थंड पाण्याच्या स्नानाचा प्रयोग दोन दिवस टिकला, कारण पहिला तांब्या अंगावर घेताना माझ्या मुखातून जो उद्गार निघे, तो स्तोत्र आहे असे शेजारी मानायला तयार नव्हते. पुढे कृतज्ञतेची वही झाली. पहाटे उठून पाच गोष्टींबद्दल आभार लिहायचे. मी आभारात जोशी सरांना लिहिले, लिंबाच्या झाडाला लिहिले, आणि पेन सापडत नसताना ते आणून देणाऱ्या बाईला लिहायचे राहून गेले. मी स्वावलंबी होत होतो, आणि त्यासाठी मला तिची क्षणोक्षणी गरज भासत होती.

एरवी सुमन मागच्या दाराच्या पायरीवर, काचेचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसलेली असायची; आता त्या पायरीवर माझे प्राणायामाचे आसन पडले. ती गच्चीवर जाऊ लागली. चारच दिवसांत मीही चटई घेऊन गच्चीवर पोचलो, कारण उंचावर हवा अधिक शुद्ध असते असे जोशी सर म्हणाले होते. मला पाहून ती शांतपणे उठली आणि चहा घेऊन खाली गेली. तिने आपल्यासाठी जागा करून दिली, असा त्याचा अर्थ मी लावला आणि सुखावलो.

मग मौनाचा प्रयोग निघाला. पहाटेच्या पहिल्या तासात शब्द नाही, मोबाईल नाही, पुढचे दार लावलेले, स्वयंपाकघराचे दार लोटलेले, आणि माझे ध्यान संपेपर्यंत कुणी बाहेर यायचे नाही. 'कुणी' म्हणजे सुमनच; घरात तिसरे माणूस नाही. आदल्या संध्याकाळी दोन्ही मोबाईल आवाज बंद करून मी लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवले. "अहो, पाणी आलं म्हणजे?" एवढेच तिने विचारले. "पाणी परवा," मी म्हणालो, गणित जोशी सरांकडून शिकून आल्यासारखा.

आमच्या गावात नळाचे पाणी हा रोजचा विषय नव्हे. ते काही दिवसांआड येते. कधी आठवड्याने येते, आणि कुठल्या वेळी ते त्याचे त्याला ठाऊक. आमच्या गल्लीने यावर एक रीत बसवली आहे. पाणी सोडणारे रहीमभाई चावी फिरवण्याआधी सुमनच्या मोबाईलवर एक रिंग देतात; सुमन शेजारच्या जाधवबाईंना देते, त्या पुढच्या घरी, आणि पाच मिनिटांत अकरा घरांचे दिवे लागून हौदांची झाकणे उघडतात. पाऊण तास पाणी चालते. ही साखळी इतकी चोख आहे की आता कुणी कान टवकारून जागे राहत नाही. सुमनच्या रिंगेवर विसंबून अख्खी गल्ली झोपते.

त्या पहाटे माझे ध्यान अपूर्व लागले. डोळे मिटून दहा मिनिटे झाली असतील, तोच कुठूनसा पाण्याचा मंद खळखळाट ऐकू येऊ लागला. आधी दूर, मग जवळ, मग जणू माझ्याच कानांच्या आत एक निर्झर वाहतो आहे! साधकाला आतला नाद ऐकू येतो असे मी वर्षानुवर्षे शिकवले होते. तो पहिल्याच दिवशी येईल असे मात्र वाटले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तासाभराने भरल्या अंतःकरणाने मी पुढचे दार उघडले, तर कोपऱ्यावरच्या घराचा नळ रात्री उघडा राहिला होता आणि त्याचे पाणी गल्लीभर वाहून आमच्या पायरीशी डबके करून थांबले होते. पाणी येऊन, वाहून, गेलेसुद्धा होते.

जाधवबाई मोकळी बादली घेऊनच दारात आल्या. "सुमनताई, रिंग नाय दिली आज? हौद कोरडा पडलाय." कपाटातून काढलेल्या मोबाईलवर रहीमभाईंच्या सात रिंगा होत्या. सुमनने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "माझाच मोबाईल बंद पडला होता हो," ती म्हणाली. ते मला सोसवेना. मी पुढे होऊन मौनाचा सारा प्रकार सांगितला. जाधवबाईंनी तो लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाल्या, "व्हय का सर? लई शांतता मिळाली म्हणा की. मग तिच्यातले दोन हंडे आमच्याकडं वता." इतक्यात आठवी रिंग आली. "भाभी, तबियत तो ठीक है ना? कब्बीच ऐसा नै हुआ," रहीमभाई विचारत होते. पाणी गेल्याचे त्यांना काही नव्हते. सुमनने फोन उचलला नाही, याची काळजी होती.

दुपारी टँकर आला. उन्हात पाइप धरून मी अकरा हौद भरले आणि दहा घरांची थट्टा ऐकली. घरी आल्यावर सुमनने ताक दिले आणि समोर बसली. रागावेल म्हणून मी मान खाली घातली होती.

"पाण्याचं सोडा," ती म्हणाली. "पाणी आठ दिवसांनी परत येईल. मी पहाटे कामाला उठते असं वाटतं ना तुम्हाला? काम साडेसहाला सुरू होतं माझं. त्याआधी मला कुणी हाक मारत नाही. सासूबाई होत्या, पोरं लहान होती, तेव्हाही तेवढा वेळ कुणी हाक मारत नव्हतं. मी तिथं काहीच करत नाही. नुसती बसते. तेवढ्यासाठी उठते हो मी."

मला फार लाज वाटली. चौतीस वर्षे एकाच छपराखाली राहून, जी गोष्ट मी तांब्यातून, वहीतून, मिटलेल्या डोळ्यांतून शोधत होतो, ती माझ्या घरात रोज पहाटे कुणीतरी निमूटपणे करीत होते, आणि मीच ती मोडायला पायरीपासून गच्चीपर्यंत तिच्या मागे लागलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेसातला उठायचे ठरवले. पण देहाला एकदा लागलेली शिस्त जात नाही. साडेचारला डोळे टक्क उघडतात. तेव्हा मी डोळे मिटून पडून राहतो. पाठ अवघडते, कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी पायांना झोंबते, मोरीत जाण्याची निकड अनावर होते, तरी मी हलत नाही. पूर्वी गाढ झोपून तिला जे नकळत दिले, ते आता जागे राहून द्यावे लागते. आजवरच्या प्रयोगांत हाच सर्वांत अवघड आहे, आणि जोशी सरांना तो सांगताही येत नाही.

परवा पहाटे तिची पावले खोलीच्या दाराशी थांबली. मी श्वास लांबवला, घोरण्याचा एक माफक प्रयत्नही केला.

"जागे आहात, माहितीये मला," ती हळूच म्हणाली. "पडा तसेच."

मी उत्तर दिले नाही. झोपलेला माणूस उत्तर कसे देणार?