झाकलेली चौकट

माझी मुलगी घरी बसून वेबसाइटची पानं करायची, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही राजुऱ्याला राहत होतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तिच्या मागे खाटेवर बसून बसून मला त्या कामातलं बरंच कळायला लागलं होतं. पान म्हणजे नुसत्या चौकटी. फोटोची चौकट, मजकुराची चौकट, एकीला लागून दुसरी. कोणती किती रुंद, कोणती किती अंतरावर, हे सगळं लिहून सांगावं लागतं. आणि सांगितलेलं सगळे ब्राउझर सारखं ऐकत नाहीत. ब्राउझर म्हणजे ज्याच्यातून पान दिसतं ते. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर नवा होता, त्यात पान सरळ दिसायचं. बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जुना होता. तेच पान तिथे उघडलं की एखादी चौकट घसरून खाली पडलेली, एखादी शेजारच्या चौकटीवर चढलेली. गावातले लोक कॅफेतच पाहणार, म्हणून मुलगी दुपारी तिकडे जाऊन पाहून यायची आणि घरी दुरुस्त करत बसायची.

समाजाच्या मंडळानं तिला वधू-वर सूचीचं काम दिलं होतं. आधी ती सूची वहीत असायची. त्या वहीची एक रीत होती. सूचीतलं कोणी वारलं तर त्याच्या नावावर पेन चालवायचा नाही. त्या जागेवर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. मेलेल्या माणसाला वर्ष होईपर्यंत आपल्या हातानं खोडू नये, असं सगळे मानायचे. धम्मात असं कुठे सांगितलेलं नाही हे मलाही माहीत आहे. तरी मानायचे.

आमच्या शेजारणीला दोन मुली. नवरा कोळसा खाणीत होता, तो आधीच गेलेला. मोठी मुलगी नर्स, एटापल्लीकडे जंगलातल्या उपकेंद्रावर. तिचं नाव सूचीत होतं. पावसाळ्यात तिला ताप आला, मेंदूत चढला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. जीपमधून आणली तेव्हा आईला तिचं तोंड तेवढं पाहायला मिळालं. शेवटी काही बोलली का, हे सांगणारं जीपमध्ये कोणी नव्हतं. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं.

मुलीनं मला विचारलं, "आई, मोठीची चौकट काढून टाकू?"

मी म्हटलं, "काढू नको. झाक."

कॉम्प्युटरात झाकायचं म्हणजे काय, तर त्या ओळींच्या मागेपुढे एक खूण टाकायची. मग ओळी लिहिलेल्या राहतात, पण ब्राउझर त्या दाखवत नाही. तिनं मोठीचा फोटो झाकला, नाव झाकलं, माहिती झाकली. तीन खुणा. पान सरळच दिसत राहिलं.

हिवाळ्यात शेजारणीनं लहानीचं नाव दिलं. तिची चौकट सगळ्यांत शेवटी लागली. एकच चौकट वाढली म्हणून मुलगी या वेळी कॅफेत पाहायला गेली नाही. तिच्या माहितीची शेवटची ओळ होती, "अपेक्षा – निर्व्यसनी, समजून घेणारा". महिनाभरात ऊर्जानगरचं एक स्थळ आलं. मुलगा वीज केंद्रात नोकरीला, राहायला क्वार्टर. त्यांना मुलगी पसंत होती. पुढच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगा, दुसरं एक स्थळ थांबलेलं आहे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं.

सोमवारी शेजारीण लहानीला घेऊन कॅफेत गेली. नवऱ्या मुलाकडच्यांनी जे पान पाहिलं ते आपणही पाहावं म्हणून. तिथून ती सरळ माझ्या दारात आली. चपला काढायचंही तिला भान नव्हतं.

"बाई, मोठी बोलून राह्यली."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं पाणी घेतलं नाही. लहानीच्या चौकटीखाली, मोकळ्या जागेत, एकटाच एक शब्द आहे म्हणाली. घेणारा. मागे काही नाही, पुढे काही नाही.

मोठीला एक सवय होती, ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. लहानी काही बोलली की शेवटचा शब्द मोठी तिच्यामागून हळूच म्हणायची. चिडवायला सुरू केलं असेल लहानपणी, नंतर जिभेलाच लागलं. लहानी म्हणायची, "मी बाजारात चालली," की आतून मोठीचं, "चालली." वर्षानुवर्षं दोन्ही घरांनी ऐकलेलं.

"तिचं झाल्याबिगर हिचं नको म्हणते ते," शेजारीण म्हणाली. "मी ऊर्जानगरले नाही सांगतो."

"काहीतरी चुकलं असन लिहिण्यात," मी म्हटलं.

"चुकलं असतं तर त्या दिवशी तुह्या घरी पान पायलं तवा काऊन नाई दिसलं?"

खरंच दिसत नव्हतं. मुलीनं पान उघडून दाखवलं. लहानीच्या चौकटीखाली पांढरी कोरी जागा. शेजारीण त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली आणि उठून गेली.

मंगळवारी मुलीबरोबर मी कॅफेत गेले. माझा विश्वास नव्हता. भुताखेतावर माझा कधीच नव्हता. पान उघडलं, आणि होतं. लहानीच्या फोटोखाली, सगळ्या ओळी संपल्यावर, काळ्या अक्षरांत: घेणारा. मुलीनं आपलं लिहिलेलं सगळं शोधून पाहिलं. तो शब्द एकदाच लिहिला होता, लहानीच्या शेवटच्या ओळीत, आणि तिथे तो जागेवर दिसतच होता. खालचा कोणी लिहिलाच नव्हता.

कॅफेवाले भाई मागून म्हणाले, "अम्मा, पुराना मशीन है. मेरे यहाँ सबका पान टेढाच दिखता."

"वाकडं दिसनं वेगळं," मी म्हटलं. "न लिहिलेलं दिसते काय?"

भाई आपल्या गल्ल्यावर जाऊन बसले.

पुढचे तीन दिवस मुलगी दुपारची तिथेच, मी तिच्या शेजारी. रुंदी कमी केली. अंतर बदललं. एकदा सगळे फोटो एकाखाली एक कोसळले, एकदा शेवटची ओळ फोटोच्या मागे गेली. शब्द हलला नाही. मग तिनं प्रत्येक चौकटीला लाल रेघ मारली, म्हणजे हा शब्द कोणाच्या हद्दीत पडतो ते दिसेल. प्रत्येक मुलगी आपापल्या लाल चौकटीत नीट बसली. तो शब्द कोणाच्याच चौकटीत नव्हता. सगळ्या रेघांच्या बाहेर, खाली, एकटा.

मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"लहानीले काढून पाय," मी म्हटलं.

तिनं लहानीची चौकट काढली. शब्द गेला. परत ठेवली. आला. असं दोनदा केलं. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर बसचा भोंगा वाजत होता, चहावाला कप विसळत होता, आणि मी पदर अंगाभोवती ओढून घेतला होता. काढली की गप्प. ठेवली की बोलतं.

मुलगी म्हणाली, "आई, आता तू पण नको सुरू होऊ. आधीच डोकं फिरून राह्यलं माझं."

"मी काही बोलली काय?"

"आरशात तोंड पाय ना आपलं."

शुक्रवारी तिनं अजून एक करून पाहिलं. लहानीला वर घेतलं आणि मूल गावची एक मुलगी शेवटी नेली. त्या मुलीची शेवटची ओळ होती, "मुलगा सरकारी नोकरीवाला". पान उघडलं तर लहानीखाली काही नाही, आणि मूलच्या मुलीखाली, मोकळ्यात: रीवाला.

ती मुलगी आम्ही कधी पाहिली नव्हती. मोठीनंही पाहिली नव्हती. मोठीला तिच्याशी बोलायचं काही कारणच नव्हतं. ते अर्धवट "रीवाला" पाहिलं आणि माझी भीती राग झाली. भुताला शब्द तरी पूर्ण म्हणता आला असता. मग पानात लिहिलेलं पण न दिसणारं काय, तर मोठीच्या झाकलेल्या ओळी तेवढ्या.

मी विचारलं, "मोठीले कुठी झाकलं तू?"

"होती तिथंच. वरच्या चौकटी अन् ह्या शेवटच्या चौकटीच्या मधात."

"काढ तिले तिथून."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "वर्ष नाई झालं."

"माहीत आहे मले. झाक म्हणणारी मीच होती. आता काढ म्हणून राह्यली."

तिनं आधी फोटोची ओळ काढली, खुणेसकट. पान पुन्हा उघडलं. लहानी परत शेवटी होती. घेणारा नव्हतं, णारा होतं. नावाची ओळ काढली. रा. माहितीची काढली. काही नाही. कोरं.

मुलगी बराच वेळ हसत होती. जुन्या ब्राउझरला झाकलेलं दिसत नाही, पण ते मधे आहे एवढं त्याला कळतं, आणि त्याचं मोजणं चुकतं, म्हणून शेवटच्या चौकटीची शेवटची अक्षरं तो पुन्हा खाली सांडतो. असं तिनं मला समजावलं. जेवढ्या खुणा तेवढी अक्षरं जास्त. मला पटलं. मला त्याच वेळी हेही दिसत होतं की आम्ही झाकून ठेवली होती म्हणूनच हे झालं. एकदम काढली असती तर काही झालं नसतं.

रविवारला दोन दिवस होते. शनिवारी मी शेजारणीला घेऊन कॅफेत गेले. ती येत नव्हती. मी म्हटलं, "चाल, मी दाखवतो. नंतर नाही म्हणायचं तर म्हण." लहानी घरीच राहिली. आठवडाभर ती कोणाशी बोलत नव्हती. तिला तो मुलगा आवडला होता आणि तसं म्हणायची लाज वाटत होती.

मुलीनं शेजारणीला बाजूला बसवलं. आधी मोठीच्या तिन्ही ओळी झाकून परत ठेवल्या. शब्द आला. शेजारणीनं पदर तोंडाला लावला.

"काकू, आता पाहा हां." एक ओळ काढली. णारा. दुसरी काढली. रा. तिसरी काढली.

"पायलं?" मी म्हटलं. "कोणी बोलत नाई. यंत्राचं मोजणं चुकते. पुन्हा दाखव वं तिले."

मुलीनं परत ठेवलं. घेणारा. काढलं. णारा. रा. कोरं. परत ठेवलं. आम्हाला वाटत होतं, चार वेळा पाहिलं की तिच्या डोक्यात शिरेल. आम्ही दोघी अगदी उत्साहात होतो. मुलगी सांगत होती, खुणा, मोजणं, ब्राउझर. शेजारीण ऐकत नव्हती. ती फक्त ती अक्षरं बघत होती. एकेक कमी होताना तिचे ओठ हलत होते.

चौथ्यांदा मुलीनं ठेवायला हात उचलला तर शेजारणीनं तिचं मनगट धरलं.

"बस कर, बाळा. घडीघडी बोलावू नको तिले. थकली असन ते."

मुलीचा हात तसाच राहिला. त्या वेळी पानात मोठीची एकही ओळ नव्हती. लहानीच्या खाली कोरी जागा होती.

मुलीनं हळूच विचारलं, "मग असंच ठेवू, काकू? पुन्हा झाकून नाई ठेवत?"

"नको. मोकळी केली तर मोकळीच राहू दे."

तिनं पडद्याच्या त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं, जरा वेळ ठेवलं आणि उठली. भाईंनी तिच्यासाठी दार धरलं. कॅफेशेजारीच एसटीडी बूथ होता. ती आत गेली, पदराच्या गाठीतून नंबराचा कागद काढला आणि फोन लावला. आम्ही बाहेर उन्हात उभ्या होतो. काचेतून ती बोलताना दिसत होती, आवाज येत नव्हता. माझं सगळं समजावणं फुकट गेलं होतं, आणि मी पुन्हा समजवायला आत जाणार नव्हते.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, "उद्या या म्हटलं त्याईले. दहाच्या गाडीनं येतात. बाई, तुह्या घरच्या चार खुर्च्या लागतीन."