जहाजवाली पेढी

आमचे केसरीनाथशेठ एकदा ‘न्हाय’ म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी त्यांच्याकडून ‘हो’ वदवू शकत नाही. भिवंडीत निजामपुऱ्याच्या बाजारात त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यामुळे हा अनुभव भाडेकरू म्हणून मी पोटभर घेतलाय.

शेठ टेमघरच्या शेतकरी घरातले. त्यांच्या आज्याने खाडीतून गलबतं भरून तांदूळ आणि मीठ विकलं, त्या कमाईवर ही पेढी बांधली. दर्शनी भिंतीवर कमानी, वेलबुट्टी, आणि अगदी वर, मधोमध, चुन्यात घडवलेलं शीड फुगलेलं गलबत. दोन हजार पाचच्या पावसात त्याचं शीड डोलकाठीसकट खाली आलं.

धंदा तोवर मुलाच्या, धनेशच्या हाती गेला होता. तो म्हणाला, “बाबा, सगळं खरवडून टाकू. पुढून निळी काच लावू, एकदम मॉलसारखी.”

“न्हाय. मना काच नको. मना गलबत पायजे.”

“मग पुढच्या दिवाळीपर्यंत उभं करून दाखवा. नाहीतर काच.”

बापलेक दोघंही हट्टी. खाण तशी माती.

शेठनी चुन्याचं जुनं काम येणारा चांगदेव मिस्त्री शोधून आणला. तो चुन्यात गुळाचं पाणी घालून मळत बसे. “शेठ, हा तुम्हालाच चुना लावणार बघा,” मी म्हणालो. शेठ हसले नाहीत. पण पहिल्याच कमानीवरची वेल संध्याकाळपर्यंत भुईसपाट झाली. मागची अख्खी गल्ली लूमची, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांची. त्या खडखडाटाने आमच्या भिंती दिवसभर थरथरतात, माझ्या दुकानातले पेनांचे डबेसुद्धा आपोआप सरकतात.

“शेठ, चुना निजला पायजे,” चांगदेव म्हणाला. “ह्या खडखडाटात कसा निजंल तो?”

मग शेठना लोडशेडिंग आठवलं. तेव्हा भिवंडीत वीज तासन्‌तास जायची. लूम थांबायच्या, सारं गाव शिव्यांची लाखोली वाहायचं आणि आमचे शेठ “गेली, गेली!” करत चांगदेवला परांचीवर पिटाळायचे. वीज गेल्यावर आनंदाने नाचणारा भिवंडीतला हा एकमेव इसम! तासातासाने कमानी सजल्या, वेली चढल्या. गलबत मात्र शेवटी ठेवलं होतं. ते जाडजूड, त्याला सलग दोन दिवस तरी शांतता हवी होती.

आणि नेमका तेव्हाच विजेचा कारभार सुधारला. बाजारात पेढे वाटले. शेठनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. दिवाळी तोंडावर आली होती.

कुणापुढे हात पसरायचा नाही, हा त्या घराण्याचा बाणा. तरी एका दुपारी मला सोबत घेऊन शेठ लूमवाल्यांतले थोरले, युसूफशेठ, यांच्याकडे गेले. चहा झाला, तांदळाचे भाव झाले, दुसरा चहा झाला. मग मान खाली घालून म्हणाले, “युसूफभाई, गल्ली के लूम दो दिन बंद रखो. मेरे आजे का जहाज खडा करने का है.”

युसूफशेठनी कप खाली ठेवला. दोन दिवस लूम बंद म्हणजे किती नुकसान, ते भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही.

“मेरे अब्बा गाँव से आए, तब उनके पास एक ही पता था,” ते सावकाश म्हणाले. “जहाजवाली पेढी के पीछे. हमारे कारीगर आज भी घर की चिट्ठी में यही पता लिखते हैं. जहाज नहीं रहा, तो हम कहाँ रहेंगे, सेठ?”

दोन दिवस गल्ली चिडीचूप होती. कारीगर समोरच्या पायऱ्यांवर बसून चांगदेवला शीड कुठे वळवायचं ते शिकवत होते आणि तो त्यांच्यावर खेकसत होता.

तिसऱ्या सकाळी एक लूम सुरू झाली, मग दुसरी, मग सगळी गल्ली. माझे डबे सरकायला लागले. शेठ माझ्या दुकानात जमिनीकडे बघत उभे होते. काही केल्या बाहेर येऊन वर बघेनात.

समोरून धनेश ओरडला, “बाबा, बाहेर या! हललंसुद्धा नाही!”

शेठ रस्त्यावर आले, वर पाहिलं. शीड ताठ होतं. भरबाजारात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी साधा भाडेकरू, पण माझीही छाती फुगली.

मग गल्लीकडे तोंड करून ते गरजले, “वाजवा रे! आता किती वाजवाचं ते वाजवा!”