मामांच्या लॅपटॉपचं बटण

घासायला घेतलेलं पातेलं लख्ख होईपर्यंत मला खाली ठेववत नाही. घरचे याला खोड म्हणतात, मी गुण म्हणते. नोकरी सांभाळून, रविवारी नाशिकच्या आमच्या बाल्कनीत बसून मी एक ड्रायव्हर साफ केला, तो या गुणापायीच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला त्याचा अभिमान आहे आणि तो मिरवायलाच हे लिहिते आहे.

हा ड्रायव्हर गाडीचा नव्हे. आवाज किंवा उजेड कमी-जास्त करायची, टचपॅड बंद करायची अशी खास बटणं लॅपटॉपवर असतात. त्यातलं कोणतं दाबलं गेलं, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कळवणारा प्रोग्रॅम म्हणजे हा ड्रायव्हर. जगभरची माणसं मिळून जी फुकटची सिस्टीम लिहितात, तिच्यातला हा एक कोपरा. कोपरा कसला, अडगळच. 'हे बटण आलं तर असं कर, ते आलं तर तसं कर' अशी पानंच्या पानं भरलेली. नवं मॉडेल आलं की कुणीतरी खाली आणखी एक ठिगळ लावून जायचं. उजेडाचं एकच बटण तीन ठिकाणी सापडलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मी ते सगळं मोडून एक साधा तक्ता केला. डावीकडे बटणाचा क्रमांक, उजवीकडे त्याचा अर्थ. लिहिलं थोडं, खोडलं भरपूर. खोडण्यात जे सुख आहे ते लिहिण्यात नाही, असं माझं ठाम मत आहे.

या ड्रायव्हरची देखभाल करणारे गृहस्थ कुठेतरी युरोपात बसतात. त्यांना मी हे पाठवलं, तर मेल आली : काम सुबक आहे, पण सगळ्यात जुन्या मॉडेलवर तपासलेलं नाही, तपासल्याशिवाय सिस्टीममध्ये घेणार नाही. राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. साफसफाईच्या नावाखाली कुणाचं चालतं बटण बंद पडणार असेल, तर त्यापेक्षा अडगळ परवडली. म्हणजे तो जुना लॅपटॉप मिळाला नाही, तर माझ्या सगळ्या रविवारांवर पाणी.

तो निघाला पिंपळगाव बसवंतला, माझ्या मामांकडे. त्यांचं तिथं द्राक्षं निवडून क्रेटमध्ये भरायचं पॅकहाऊस आहे. लॅपटॉप रडतखडत चालायला लागला तेव्हा मीच त्यावर ही फुकटची सिस्टीम घालून दिली होती. दोन दिवसांसाठी द्या, म्हटलं तर मामा फोनवरच उखडले. "येडी का खुळी तू? सीझन चालू हाय. काय करायचं ते इथं येऊन कर."

गेले. बाहेर टेम्पोत क्रेट चढत होते आणि आत मामा बिलं करता करता फोनवर भाव ठरवत होते. दोन बिलांच्या मध्ये सवड काढून मी नवा ड्रायव्हर चढवून लॅपटॉप बंद-चालू केला. मामा एकेक बटण दाबायचे, मी पडद्यावर बघायचे. आवाज चोख, उजेड चोख. मी खूश होऊन पर्स उचलली.

"हे राह्यलं की," मामा म्हणाले आणि त्यांनी टचपॅडचं बटण दाबलं. टाइप करताना त्यांचा तळवा टचपॅडला लागतो आणि कर्सर भलतीकडेच उडतो, म्हणून सकाळी आल्या आल्या ते टचपॅड बंद करतात आणि माउस वापरतात. बटण दाबलं तरी टचपॅड चालूच. पुन्हा दाबलं, तरी चालूच.

"लय भारी सुधारणा केलीस," मामा म्हणाले. मी पर्स परत खाली ठेवली.

रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसले आणि जुना कोड उघडला. त्यात या मॉडेलसाठी एक ओळ होती. ती का आहे, हे कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून मी ती कचरा समजून उडवली होती. आता तिचं कारण समोरच दिसत होतं. हा लॅपटॉप बटण दाबताच स्वतःच टचपॅड बंद करायचा. मग माझा ड्रायव्हर सिस्टीमला सांगायचा की बटण दाबलंय, आणि सिस्टीम ते पुन्हा चालू करायची. एकानं दिवा मालवायचा आणि दुसऱ्यानं लगेच लावायचा, असा कारभार. त्या मॉडेलवर सिस्टीमला फक्त झालेलं कळवायचं होतं, काही करायला सांगायचं नव्हतं. तसं मी तक्त्यात घातलं आणि माझ्यासारखीच कुणी झाडू घेऊन आली तर तिनं उडवू नये म्हणून शेजारी कारणही लिहिलं. मामांनी बटण दाबलं. टचपॅड बंद. पुन्हा दाबलं. चालू. हे मी टेम्पोच्या हॉर्नच्या गोंगाटात, तिथल्या तिथं शोधलं, याचा मला तक्त्याहूनही जास्त अभिमान आहे.

तपासणाऱ्याचं नाव कामासोबत लिहायची आम्हा सिस्टीम लिहिणाऱ्यांत पद्धत आहे. मामांना तसं सांगितल्यावर त्यांनी हातातलं बिल बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सगळी बटणं पुन्हा दाबली. "नाव लावायचं म्हंजे माल बघून लावायचं," ते म्हणाले.

दुरुस्त केलेलं काम पाठवलं आणि पुढच्याच आठवड्यात ऑफिसात डबा खात असताना युरोपातल्या त्या गृहस्थांची मेल आली : 'घेतलं. धन्यवाद.' अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या सहकाऱ्याला दाखवली, तर तो "छान" म्हणाला आणि त्यानं भेंडीची भाजी पुढे केली.

रविवारी पेढे घेऊन पिंपळगावला गेले. मामांसमोर सटाण्याचे एक व्यापारी बसले होते.

"ही माझी भाची," मामा म्हणाले. "ह्या लॅपटॉपची बटणं हिनं नीट केली. जगात जिथं जिथं असा लॅपटॉप हाय, तिथं तिथं."

व्यापारी कौतुकानं वाकून बघायला लागले. मामांनी बटण दाबून दाखवलं.

"पहिले चालत नव्हतं का?"

"चालत होतं की."

"मग आता काय फरक पडला?"

"काहीच नाय," मामा छाती फुगवून म्हणाले. "थोडा जरी पडला असता ना, तर त्यांनी घेतलंच नसतं."

व्यापाऱ्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. माझं काम एवढं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. मी पेढ्यांचा पुडा उघडून त्यांच्यापुढे केला.