चिखल्यांचा गोषवारा

भाचीने फोन केला तो इंग्रजी तपासून घेण्यासाठी. एका मोठ्या आरोग्य परिषदेला संशोधनाचा गोषवारा पाठवायचा होता. मर्यादा अडीचशे शब्दांची होती आणि तिचे त्याच्या दुप्पट झाले होते. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आमच्या घराण्यात शब्द कापायचे असले की लोक माझ्याकडे येतात. आम्ही दोघंही भूगावात राहतो, रस्त्याच्या अल्याड-पल्याड. ती लॅपटॉप घेऊनच आली.

आधी परिषदेची वेबसाइट पाहिली. पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो होते, बहुतेकांनी हाताची घडी घातलेली. घोषवाक्यात 'क्षितिज' होतं, 'परिवर्तन' होतं, 'उद्याचा भारत' होता. 'आरोग्य' बहुधा जागेअभावी राहिलं असावं. विषय निवडायच्या यादीत हृदय, मेंदू, कृत्रिम बुद्धिमत्ता असं सगळं होतं. पाय नव्हते.

"'इतर'मध्ये टाकते," भाची म्हणाली.

तिचा विषय पाय हाच होता. ती डॉक्टर आहे. एका धर्मादाय रुग्णालयाचा दवाखाना ताम्हिणीच्या बाजूला एका गावात चालतो, तिथे ती जाते. भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की त्या भागातल्या बायका दिवसभर घोट्याएवढ्या चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते. याला चिखल्या म्हणतात. कोणी मेंदीचा पाला वाटून लावतं, कोणी काहीच लावत नाही. भाचीने एक मलम निवडलं आणि घराआड घर वाटलं: एका घरातल्या बाईला मलमाची ट्यूब, शेजारच्या घरातल्या बाईला फक्त पाय धुऊन कोरडे करायचा सल्ला. आवणी संपल्यावर दोन्हीकडचे पाय तपासायचे. मलमवालीचे पाय बरे निघाले तर मलम उपयोगी.

पाय सारखेच निघाले.

रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेने तिला सांगून ठेवलं होतं, की गोषवारा स्वीकारला गेला तर पुढच्या पावसाळ्यातही हे काम चालेल आणि ते तिच्याच हाती राहील. नाही तर तिने शहरातल्या ओपीडीत पूर्णवेळ बसून खोकल्याची औषधं लिहून द्यायची. आणि फरक दिसला नाही, असं सांगणारा गोषवारा परिषदा फारशा उत्साहाने घेत नाहीत. हे सगळं तिने मला सांगितलं, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"मामा, मलमवाल्यांचे पाय बरे आहेत, ते ठीक. पण ज्यांना दिलं नाही त्यांचे इतके चांगले कसे? गेल्या वर्षी याच बायकांचे पाय मी पाहिलेत. बघवत नव्हते."

"मग हेच लिही की."

"कुठे लिहू? उद्देश, पद्धत, निष्कर्ष, अनुमान, एवढेच रकाने आहेत. कोडं पडलंय हे सांगायला रकाना नाही."

माझं कापायचं काम बाजूला राहिलं. रविवारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. पौड मागे टाकलं, धरणाच्या कडेला गाड्या थांबवून लोक पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. पुढे रस्ता मोकळा झाला. भातकापणीचे दिवस होते. गावाबाहेरच्या खाचरात बायका एका ओळीत वाकून कापत होत्या.

भाची बांधावर उभी राहून पुटपुटायला लागली. "हिला दिलं होतं. हिला नाही. हिला दिलं. ही... ही पण नाही." गावाच्या नकाशावर तिने ज्या बायका नीट वेगळ्या केल्या होत्या, त्या इथे खांद्याला खांदा लावून पुढे सरकत होत्या.

ओळीतली सगळ्यांत वयस्कर बाई, जिला बाकीच्या मावशी म्हणत होत्या, विळा घेऊनच आमच्याकडे आली.

"काय वो डॉक्टरीणबाई, आज रविवारच्या?"

"मावशी, हे खाचर कुणाचं?"

"माजं. उद्या हिचं, परवा तिचं. सावड हाय आमची. आवणीला बी ह्याच, कापणीला बी ह्याच."

म्हणजे तू माझ्या शेतात ये, मी तुझ्या शेतात येते. मजुरीचा प्रश्नच नाही. भाचीने पुढचा प्रश्न फार जपून विचारला, "ती मलमाची ट्यूब... ती फक्त तुम्हीच लावली ना?"

"आता गं बया! मी एकलीच कशी लावीन? हिचं पाय सडत्यात आन् मी बांधावर बसून मलम चोळू? दुसऱ्या दिशी माज्या खाचरात आली असती का ही?"

"आली असती," शेजारची म्हणाली, "पर बोलले नसते वरीसभर."

"पण मी विचारलं होतं तुला," भाची तिच्याकडे वळली. "तू म्हणालीस, मलम मिळालं नाही."

"तुमी इचारलं, दवाखान्यातनं मिळालं का. दवाखान्यातनं कुटं मिळालं? मावशीनं दिलं."

ओळीतून आणखी एकीने मान वर केली. "माज्या मालकानं तर म्हशीच्या कासंला लावलं. लई गुण आला."

"म्हशीला?"

"का? तिला बी न्हाई द्यायचं म्हनला व्हता का?"

सगळ्या हसल्या. भाचीही हसली. परत येताना मात्र घाटाच्या वळणांवर ती बाहेरच बघत होती. मला तिची काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्या ट्यूबचा प्रवास आखत होतो: कोणाच्या हातून कोणाच्या बोटांवर, आणि तिथून गोठ्यात.

घरी येऊन तिने तिच्या विभागप्रमुखांना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ज्यांनी वाटून घेतलं, त्यांना अभ्यासातून काढून टाक. सोपं आहे."

"सर, मग कोणीच उरत नाही."

सर म्हणाले, "अगं, तू तिथे गेलीच नाहीस असं समज. जे आधी होतं ते पाठव. भाषा जरा आकर्षक कर."

"पण मी गेले होते, सर."

"ते मला सांगायची गरज नव्हती."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीही सुचवलं नाही. ओपीडीत मला बसायचं नव्हतं, तिला बसावं लागणार होतं. बराच वेळ ती पेनचं टोपण लावत-काढत राहिली, आणि मग तिने जुना मजकूर सगळाच्या सगळा पुसला. नव्यात तिने सरळ लिहिलं, की जिथे शेतीची कामं सावडीने होतात तिथे घराआड घर अशी विभागणी टिकत नाही. या अभ्यासावरून मलमाबद्दल काहीच सांगता येत नाही. पुढच्या वेळी अख्खी सावड हेच एकक धरायला हवं. मर्यादेपेक्षा शब्द कमीच भरले. मला कापायला काही उरलं नाही. म्हैस तेवढी तिने आपणहून वगळली.

"तुमचं नाव ठेवू का, सर?" तिने दुसऱ्या दिवशी सरांना पुन्हा स्पीकरवर विचारलं.

"ठेव. पण शेवटी टाक."

मला वाटलं, माणूस लाजला. लेखकांच्या यादीत शेवटची जागा सगळ्यांत मोठ्या माणसाची असते, हे मला नंतर कळलं.

गोषवारा स्वीकारला गेला, पण व्यासपीठावरून बोलण्यासाठी नाही, भिंतीवर पोस्टर लावण्यासाठी. पोस्टर म्हणजे स्वीकार धरायचा की नाही, यावर संस्थेत एक बैठक झाली. सरांनी तो स्वीकारच असल्याचं ठासून सांगितलं. त्यांचंही नाव होतं त्याच्यावर. काम आणखी एक पावसाळा भाचीकडे राहिलं.

ज्येष्ठात, आवणीच्या आधी, ती मावशीच्या ओसरीवर बसून सावडीतल्या बायकांना नवी पद्धत समजावत होती. मी गाडी चालवायला म्हणून गेलो होतो, आणि थोडं ऐकायलाही. या वेळी तुमच्या सगळ्या सावडीला मलम, पलीकडच्या वस्तीतल्या सावडीला या वर्षी नुसता सल्ला आणि पुढच्या वर्षी मलम. वाटून घ्यायचं ते आपापसात खुशाल घ्या.

"पल्याडच्या वस्तीला न्हाई?" मावशीने विचारलं.

"या वर्षी नाही."

"माजी लेक दिलीया तितं."

भाचीने बाकीच्यांकडे पाहिलं. "आणखी कुणाची आहे?"

"हिची भन हाय. आन् त्या दारातल्या सुनंचं म्हायेर तेच."

भाचीने आणलेला छापील आराखडा घडी करून पर्समध्ये टाकला आणि मांडी ठोकून बसली.

"बरं. एकेकीने सांगा," ती म्हणाली. "तुमचं माहेर कुठलं, आणि लेकी कुठे कुठे दिल्यात?"

"मंग च्या टाकते," मावशी उठत म्हणाली. "ह्ये काय लवकर संपत न्हाई."